रांजणात पाणी आहे का?

“आणखी किती वेळा सांगायचं, भन्ते?”

शशिकलाबाई मेश्राम विहाराच्या ओसरीवर बसल्या होत्या. मांडीवर अर्जाची फाईल. पस्तीस वर्षं शाळेत त्यांचा एकच नियम होता : बाई एकदा सांगतात, दुसऱ्यांदा सांगत नाहीत. समोर बसलेले भन्ते सुमेध लहानपणी त्याच नियमाच्या धाकात वाढलेले. आज मात्र बाईच त्यांना वंदन करून विचारत होत्या.

“काय सांगायचं?” भन्ते म्हणाले.

“तेच. विसरण्याचा आजार झालेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र तालुक्याला हवं. घरी त्यांचं सगळं करणाऱ्या बायांना सरकारचा आधार हवा. आठ वेळा गेले कचेरीत. दर वेळी साहेब नवा. आजचा म्हणतो, वय झालं की माणसं विसरतातच, त्यात सरकारनं काय करायचं?”

“मग?”

“मग काय... पालथ्या घड्यावर पाणी. उद्या बैठक आहे. मी जाऊन मांडलं नाही तर विषय कायमचा बाद. होऊ दे बाद. मी जाणार नाही.”

आतल्या खाटेवरून थरथरता आवाज आला. ते थोरले भन्ते होते. वय नव्वदीचं. अलीकडे त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे.

“रांजनात पानी हाये का, बापू?”

भन्ते सुमेध उठले. रस्त्याकडेच्या रांजणाचं झाकण उचलून आत पाहिलं आणि परत आले.

“आहे, भन्ते.”

वाटसरूंसाठी तो रांजण थोरल्या भन्तेंनी चाळीस वर्षं भरला होता. बाकी सगळं पुसलं गेलं, एवढंच राहिलं होतं.

“केंद्र झालं नाही तर कुणाचं अडतं?” भन्तेंनी बसता बसता विचारलं.

बाई उसळल्या. “शेजारच्या पंचफुलाचं अडतं. धानाच्या रोवणीला जाताना सासूचा हात लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधून जाते ती. बांधते आणि रडते.”

“आणि तुमचं?”

बाईंची नजर मांडीवरच्या फाईलवर गेली...

सकाळी त्यांच्या यजमानांनी पाचव्यांदा विचारलं होतं, शाळेची वेळ झाली का? बाई ओरडल्या होत्या, “एकदा सांगितलं ना!” तेव्हा त्या थकल्या माणसानं मुकाट्यानं तळहात पुढे केला होता. छडी खायला. बाईंच्या काळजात तेव्हाच काहीतरी तुटलं होतं. आत्ता पंचफुला आपल्या सासूला घेऊन यजमानांपाशी बसली होती, म्हणून तर बाईंना इथवर येता आलं.

“रांजनात पानी हाये का, बापू?”

भन्ते उठले. पाहून आले. “आहे, भन्ते.”

थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा भन्ते उठले, झाकण उचललं, परत आले.

बाईंना राहवेना. “आत्ताच पाहिलंत ना! बसल्या जागी हो म्हटलं तर त्यांना काय कळणार आहे?”

“त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, बाई.”

“पण तुम्ही तिसऱ्यांदा उठलात.”

“हो.”

“थोरल्या भन्तेंना आजार आहे. साहेबांना कसला आजार? ते आधीचे अर्ज मुद्दाम विसरतात. मला राग येतो, भन्ते.”

“मलाही येतो. आज सकाळपासून दोनदा आला.”

“मग काय करता?”

“उठतो.”

बाजाराला निघालेल्या आठ-दहा बाया रांजणापाशी थांबल्या. हसत-बोलत पाणी प्यायल्या, कळशा भरून घेतल्या आणि निघून गेल्या.

“रांजनात पानी हाये का, बापू?”

या वेळी भन्ते हलले नाहीत. रस्त्याकडे पाहत राहिले.

बाईंनी वाट पाहिली...

मग फाईल ओसरीवर ठेवून, गुडघ्यावर हात टेकून त्याच उठल्या. पाणी असणारच, अशा खात्रीनं त्यांनी झाकण उचललं. रांजण तळाला गेला होता.

बाईंनी विहिरीवरून बादल्या आणल्या. एक, दोन, पाच. पदर भिजला, श्वास फुलला. रांजण भरला तेव्हा त्या खाटेपाशी जाऊन वाकल्या.

“आहे, भन्ते. आत्ताच भरलं.”

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. हे उत्तर जन्मात प्रथमच मिळाल्यासारखा. “बरं झालं, बाई. लोकं येतीन.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराला हात पुसले आणि ओसरीवरची फाईल उचलली.

“उद्या नवव्यांदा जाते.” आवाजात शाळेतली धार परत आली होती. “नाही ऐकलं तर दहाव्यांदा.”

सुमेध भन्तेंनी नकारार्थी मान हलवली.

“उद्या पहिल्यांदाच जायचंय, बाई. वेळेवर जा.”