कललेली पवनचक्की

तिसरीच्या मुलांना गृहपाठ म्हणून पुठ्ठ्याची पवनचक्की करून आणायची होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक खांबेटे सर पाहणीला आले. टेबलावर एकाहून एक देखण्या पवनचक्क्या होत्या. सरांच्या नातवाची, कार्तिकची, तर दिवे लावलेली. फक्त ओवी घरतची एका बाजूला कलली होती.

"ही कपाटात ठेवा," सर बाईंना म्हणाले. "पाहुण्यांपुढे शाळेचं हसं नको."

ओवीचा चेहरा पडला. खेळायला न जाता तिने ती एकटीने केली होती. धीर करून तिने विचारलं, "सर, ही कशी केली असं पाहुण्यांनी विचारलं, तर कोणी सांगायचं?"

"अगं, ज्याने केली त्याने. आपल्या शाळेचा नियमच आहे तो."

"मग कार्तिकच्या पवनचक्कीजवळ उद्या तुम्हीच उभे राहा सर. बाकीच्यांच्या आईबाबांनाही रजा काढायला सांगू का?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. कार्तिक कुरकुरला, "आजोबा, मी म्हणत होतो, पाती तरी मला कापू द्या."

सर खाकरले. ओवीची पवनचक्की त्यांनी स्वतः उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली.

"पाहुणे आधी हीच बघतील," ते बाईंना म्हणाले. "बाकीच्या जरा मागे सरकवा. आमची सगळ्यात मागे."