मूर्तीपुढची वायर

एकदा एका व्यापाऱ्याच्या गाडीतला थंड वारा भर वैशाखात, प्रवासाला निघाल्यावर अर्ध्या तासातच थांबला. पुढच्या आसनावर त्याची वृद्ध माता बसली होती. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन ती नुकती रुग्णालयातून सुटली होती आणि उन्हाची झळ लागू देऊ नका, असे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावले होते. गाव अजून पाच तासांवर होते. व्यापाऱ्याने गाडी माघारी वळवली आणि थेट नानांच्या गॅरेजात आणली.

नाना म्हणजे गाड्यांतील विजेचे दोष ओळखणारे वयोवृद्ध जाणकार. पहाटेची पूजा आणि नामस्मरण झाल्यावाचून त्यांचा हात पान्याला लागत नसे. त्या दिवशी ते देवळात प्रवचनाला गेले होते. गाडी त्यांच्या शिष्याच्या, गोरखच्या हाती आली. गोरख बारा वर्षे त्यांच्यापाशी शिकत होता आणि गुरूइतकाच श्रद्धाळू होता.

त्याने व्यापाऱ्याच्या आईला, माईंना, पंख्याखाली खुर्ची दिली आणि आधी गरम हवेचे बटण फिरवून पाहिले.

"शेठ, हीटरलाही वारा नाही. म्हणजे गॅसचा दोष नव्हे. गरम असो वा गार, हवा ढकलणारा पंखा एकच. त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाही."

खरोखरच पंख्याचा फ्यूज जळला होता. गोरखने नवा बसवला, वारा वाहू लागला. व्यापारी एक फेरी मारून आला तो कपाळाचा घाम पुसतच.

"अरे, पुढच्या खड्ड्यापर्यंतसुद्धा टिकला नाही तुझा फ्यूज!"

दुसरा फ्यूज जळला, तिसरा जळला. गोरखने पंख्याची मोटर बाहेर काढून तपासली. बटण तपासले, पंख्याला वीज सोडणारा रिले बदलून पाहिला, जाड वायरींवर मीटर लावला. कुठेही खोट नव्हती.

नानांची एक शिस्त होती. दोष सापडत नसेल तर गाडीच्या धन्याला एकच विचारायचे: गाडी ठीक होती तेव्हापासून तिच्यात नवे काय आले? गोरखने तेही विचारले.

"काही नाही रे बाबा," व्यापारी म्हणाला. गोरखनेही मान डोलावली. त्याच्याही स्मरणात नवे असे काही नव्हते.

"पण गोरख," माई खुर्चीतून क्षीण स्वरात म्हणाल्या, "वारा थांबला की दत्तासमोरचा दिवाही विझतो रे. माझ्या जिवाला घोर लागतो."

गाडीत समोरच्या फळीवर दत्तगुरूंची वीतभर मूर्ती होती आणि तिच्या चरणांशी गव्हाएवढा एक दिवा. दत्तजयंतीला गोरखनेच तो सेवा म्हणून बसवला होता. पंख्याच्याच वायरीला एक बारीक वायर जोडून ती आतल्या आत मूर्तीपर्यंत नेली होती.

"माई, एकाच फ्यूजवर आहेत दोन्ही. फ्यूज गेला की बिचारा दिवाही जातो. त्यात अशुभ काही नाही."

ऊन चढत होते. माईंचे ओठ सुकले होते. अखेर गोरखने खण उघडला आणि वीस अँपिअरच्या जागी दुप्पट वीज सोसणारा चाळीसचा फ्यूज दाबून बसवला. स्वतः फेरी मारून आला. वारा एकदाही थांबला नाही. येताना किंचित जळका वास आला, पण मूर्तीपुढे उदबत्ती लावलेली होती. तिचाच असेल, असे त्याला वाटले.

"वाहवा! नानांच्या तोडीचा झालास रे तू," व्यापारी म्हणाला. माई लेकाचा हात धरून गाडीत बसल्या. त्यांनी डोळे मिटले, थंड झुळकीने चेहरा निवला. गोरखचे मन भरून आले.

एवढ्यात कपाळी बुक्का, खांद्यावर उपरणे असे नाना फाटकातून आत आले. गाडीपाशी येऊन त्यांनी एक श्वास घेतला आणि ते जागीच थबकले.

"फ्यूज कितीचा?"

गोरख खाली पाहू लागला.

"मी विचारतोय, कितीचा?"

"चाळीसचा. माईंना उशीर होत होता, नाना."

"माई, आधी खाली उतरा," नाना म्हणाले. "शेठ, पंखा बंद करा. चावी मात्र चालू राहू दे."

त्यांनी फ्यूज उपसून फेकला आणि त्याच्या जागी दोन तारांनी हेडलाइटचा एक जुना बल्ब जोडला. "पंखा बंद आहे. आता हा बल्ब पेटायला नको. पेटला, तर वीज कुठून तरी भलत्या वाटेने गाडीच्या पत्र्याला मिळते आहे असे समज."

बल्ब पेटला नाही. मूर्तीपुढचा दिवा शांत तेवत होता.

"गाडी हलव."

गोरखने दाराला खांदा लावून गाडी हेलकावली. त्याच क्षणी बल्ब भगभगून पेटला आणि मूर्तीपुढचा दिवा विझला.

नानांनी मूर्तीकडे पाहिले. हात जोडले, मस्तक लववले. आणि पुढच्याच क्षणी दत्तगुरूंच्या चरणांशी असलेला तो दिवा मुठीत धरून त्यांनी हिसडा दिला. कचकन आवाज झाला, फळीचा एक टवका उडाला आणि दिवा वायरीसकट त्यांच्या हातात आला.

माईंच्या तोंडून किंकाळी फुटली. व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला.

"नाना! दोन तास पूजेत बसणारे तुम्ही! देवासमोरचा दिवा उपटता? आणि माझ्या आईच्या देखत?"

ज्या हातांनी गोरखला रोज तीर्थ दिले, त्या हातांत देवाचा दिवा लोंबकळत होता. हे आपले गुरू की दुसरेच कोणी, असा विचार त्याच्या मनात आला.

"बल्ब बघ," नाना म्हणाले.

बल्ब विझला होता. गोरखने गाडी हलवली, पुन्हा हलवली, सारे बळ लावून हेलकावली. बल्ब विझलेलाच राहिला.

"आता माईंचे पाय जिथे होते तिथे, वर आतल्या बाजूला हात घाल."

गोरखने हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बोटे काळी झाली होती. आतला पत्रा अजून गरम होता. त्याच्या धारदार कडेवर बारीक वायरीचे वितळलेले रबर चिकटले होते, आणि त्याखालचे जाजम तळहाताएवढे जळून काळे पडले होते. अजून त्यातून धुराची एक रेघ निघत होती.

व्यापारी आईच्या पावलांकडे पाहत राहिला. तिच्या पातळाचा काठ जमिनीला टेकलेला होता.

नानांनी जाजमावर तांब्यातले पाणी शिंपडले. गोरखने जळलेले तीन फ्यूज, तपासलेली मोटर, शेठला विचारलेला प्रश्न, उदबत्तीचा वाटलेला वास, सारे त्यांना सांगून टाकले. ते ऐकून नाना शांतपणे म्हणाले, "माई, देवाला मी धक्का लावलेला नाही. दिवा तुमच्या श्रद्धेचा, पण वायर गोरखच्या हातची. ती पत्र्याच्या कडेवरून गेली होती. प्रत्येक खड्ड्याला घासली, आतली तार उघडी पडली. तीन फ्यूज स्वतः जळून तेच सांगत होते. मग याने असा फ्यूज बसवला, की जो काही सांगणारच नाही."

मग ते गोरखकडे वळले. "मोटर तपासलीस, कारण ती परक्याने बनवली. बटण तपासलेस, तेही परक्याचे. दिवा मात्र तुझ्या भक्तीचा. नवे काय आले, असे तू विचारलेस तेव्हा तो तुला आठवलासुद्धा नाही. जळका वास आला, तो तू उदबत्तीच्या नावावर घातलास. बाळा, वायर जोडताना तुझ्या मुखात नाम होते हे मी जाणतो. पत्र्याच्या कडेला ते ऐकू येत नाही. देवाच्या नावाने केलेल्या कामाकडे आपण डोळे मिटून पाहतो, म्हणूनच तिथली चूक सर्वांत मागाहून सापडते. अरे, देवापुढचे काम तर दहा वेळा पारखून घ्यावे. त्याच्या चरणांशी आपण काय ठेवतो आहोत, याची खात्री नको का?"

गोरख माईंच्या पायांशी बसला. त्याला रडू आवरेना. माईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, "ऊठ. मला घरी पोचायचे आहे. माझा दत्त अंधारात बसेल आजच्या दिवस, तो काही रुसायचा नाही."

गोरख उठला. जळकी वायर मुळापासून काढली, पत्रा आणि पंख्याच्या वायरी पुन्हा तपासल्या, वीसचाच फ्यूज लावला. त्याने गाडी खड्ड्याखड्ड्यांतून दोनदा फिरवून आणली. वारा थांबला नाही. माई निघून गेल्या.

गोरख मात्र फाटकाशीच उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाना," तो कसाबसा म्हणाला, "मी असे आणखी एकोणीस दिवे लावलेत."

नानांनी गॅरेजाचे दोन्ही दरवाजे सताड उघडले आणि आतली जागा मोकळी करू लागले.

गोरखने फोन कानाला लावला. "पुजारीबुवा, गोरख बोलतोय, गॅरेजातून. दत्तजयंतीला मी तुमच्या गाडीत दिवा लावला होता ना? गाडी असेल तिथे थांबवा, चावी काढून ठेवा. मी आत्ता येतो. नाही बुवा, दिवा छानच दिसतो. माझ्या हातून चूक झाली आहे."