कावेचा हात

आधी नीट बघून घ्या, मग विचारा. त्या बाभळीखाली कुत्रं निजलंय. त्याच्या पोटाला टेकून मांजर निजलंय. आणि दोघांच्याही पाठीवर तांबड्या कावेचा हात उमटलाय, पाचही बोटं मोजता येतील असा. रंग सांडलेला नाही, की पोरासोरांनी चाळा केलेला नाही. या माळावरच्या कुठल्याही दारात जा, हेच दिसेल. गाडीतून उतरणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा याचंच विचारतो, आणि मग लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. तुमच्यासारख्यांशी बोलून बोलून माझी जीभ शहरी झालीय म्हणून घरचे हसतात. हसू देत मेले. बसा त्या घोंगड्यावर, आणि तो फोन जरा खाली ठेवा.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. किती जुनी ते माझ्या आजेसासूलाही माहीत नव्हतं. तेव्हा या माळावर एकही घर नव्हतं, नुसता मेंढरांचा तळ पडायचा. तळाचा धनी धुळा धनगर, त्याची बायको हौसा, आणि तिसरा त्यांचा कुत्रा. त्या कुत्र्याचं नाव धुळ्यानं ठेवलं होतं कारभारी.

नावाला शोभेल असाच होता तो. डोळेही उघडले नव्हते तेव्हापासून धुळ्यानं त्याला मेंढीच्या आचळाला लावलं, कोकरांच्या उबेत वाढवला. नवं कोकरू जन्मलं की धुळा काव कालवायचा, तळहात बुडवून कोकराच्या पाठीवर उमटवायचा आणि म्हणायचा, "आपलं." कारभारी यायचा, एकदा हुंगायचा, झालं. मग लांडग्याची काय बिशाद त्या कोकराला हात लावायची! पण ज्याच्यावर हात उमटला नाही, ज्याला 'आपलं' म्हटलं नाही, त्याला तो वाघरीत पाऊल टाकू द्यायचा नाही. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, बरं का. आणि शिकलेला किती? तो जिवाच्या आकांतानं धावत असला आणि धुळ्यानं जिभेनं नुसतं टक् केलं, तरी आहे तिथं बसायचा म्हणे.

आता हौसेचं ऐका. आमच्यात बायको नवऱ्याला कारभारी म्हणते. हौसेनं हाक मारली, "अवं कारभारी!" की कुत्रा उठून यायचा, नवरा काही उठायचा नाही. पहिली भाकरी कुत्र्याला. वारा फिरला का, पाऊस कुठवर आला, कुठली मेंढी लंगडतेय, हे सगळं धुळा दिवसभर कुत्र्याशी बोलायचा. बायकोच्या वाट्याला दोन शब्द, 'वाढ' आणि 'आवर'. अशी अकरा वर्षं गेली. जळायची हो ती त्या कुत्र्यावर! सवतीवर जळावं तशी. त्यात काय लपवायचंय? मी असते तर मीही जळले असते.

आणि याहून वाईट म्हणजे, कारभारी तिला वाघरीत जाऊ द्यायचा नाही. एखादी मेंढी अडली, धुळा आत एकटा झटतोय, आणि ही ऊन पाण्याचं भांडं घेऊन जाळीबाहेर उभी. पाऊल उचललं की हा दात दाखवायचा. कधी चावला नाही, पण जाऊही दिलं नाही. धुळा आतून हात लांब करून भांडं घ्यायचा. त्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मग अकराव्या वर्षी उंदरांनी वाघर कुरतडली, दाण्याची पोती फोडली. हौसेच्या भावानं तिला माहेराहून मांजर आणून दिलं. भुरकट रंगाची मांजरी होती. तळ हलला की सामानाच्या घोडीवरच्या पाटीत बसून जायची, तळ पडला की हौसेच्या मांडीवर. हौसा दिवसभर तिच्याशी बोलायची. आता तिलाही कुणी मिळालं होतं ना!

इकडे कारभाऱ्याचं पित्त खवळलं. त्याचं कारण सांगते. धुळ्यानं त्याला जन्मात कधी कुरवाळलं नव्हतं. कामाच्या कुत्र्याला हात लावला की तो बिघडतो, असं जुनी माणसं सांगून गेलेली. त्याला भाकरी होती, शाबासकी होती, पण पाठीवर हात म्हणून नव्हता. कोकरांना तो मिळताना बघायचा, आणि आता हे काल आलेलं मांजर! हौसेचा हात मांजरीच्या पाठीवरून फिरायला लागला की कारभारी पुढ्यातली भाकरी सोडून टक लावून बसायचा. एका तळावर दोघं जळत होते, आणि धुळ्याला पत्ताच नव्हता.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी मांजरी उंदरामागं थेट वाघरीत घुसली. कारभाऱ्यानं झडप घातली आणि तिची मान जबड्यात धरली. धुळ्यानं टक् केलं. कुत्र्यानं जबडा उघडला, पण लगेच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ऐकायला वेळ लावला, असं सांगतात.

धुळा म्हणाला, "हौसे, आज सोडलं त्येनं. उद्या मी जवळ नसंन. मांजर म्हायेरी धाडून दे."

"धाडायचं कशापायी? त्येच्या पाठीवर काव लावा, आपलं म्हना. कुत्रं काय बी करणार न्हाई."

"येडी का खुळी तू? कावंचा हात बिरोबानं मेंढराला दिलाय. आज्यानं तशी आण घेतलीया. मांजराला लावून देवाचा कोप वडवून घिऊ व्हय?"

 हौसेनं गाठोडं बांधलं. परवावर मेंढरांची कातरणी आली होती. तेवढी उरकली की जायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

कातरणीला आसपासच्या तळांवरचे भाऊबंद आले. लोकर उतरली, मेंढरं धुतली, आणि धुळा परात पुढे घेऊन सगळ्यांच्या पाठीवर काव लावायला बसला. शेवटचं कोकरू झालं. आता तो हात धुणार, तेवढ्यात हौसा पुढे आली. काखेत गाठोडं, हातात मांजरी. सगळ्या माणसांदेखत ती त्याच्या पुढ्यात पाठ करून बसली.

"लावा," ती म्हणाली.

"आगं, काय लावा?"

"काव. आदी मला लावा, मंग हिला. अकरा वर्सं झाली, मला तुमी कदी आपली म्हनला न्हाईत. ह्यो कुत्रा मला वाघरीत घेत न्हाई, त्येचं काय बी चुकत न्हाई. तुमी त्येला सांगितलंच न्हाई. आज सांगा, न्हायतर आमी दोघी चाललो."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी म्हणालं, बाईमाणूस का मेंढरू हाय? कुणी म्हणालं, आणेचं काय?  धुळ्याच्या हातावरची काव वाळायला लागली. मग म्हणे त्यानं हात पुन्हा परातीत बुडवला आणि हौसेच्या पाठीवर ठेवला. 'आपली' म्हणाला, पण इतकं हळू की ते फक्त कुत्र्याला ऐकू गेलं.

कारभारी उठला. तिला हुंगलं, आणि वाघरीच्या तोंडातून बाजूला झाला. हौसा आत गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मेंढरांत उभी राहून ती रडली, असं सांगतात.

मांजरीलाही हात लागला. कारभारी हुंगायला गेला तर तिनं त्याच्या नाकावर एक ठेवून दिली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली. आपलं म्हणजे आपलं, त्याचं शिक्षणच तसं. त्या दिवसापासून तो तिला मेंढरांतच मोजायचा. सांज झाली आणि मांजरी आत नसली की शोधून, मानगुटीला हळूच धरून वाघरीत आणून सोडायचा. ती फिसकारायची, हा ऐकायचा नाही.

पण त्या दिवशी कारभारी जागेवर परत गेला नाही. हौसा बाहेर आली तर हा तिच्या पुढ्यात येऊन बसला आणि पाठ वळवली. जशी ती बसली होती तशीच. हौसा बघतच राहिली.

"तुला बी कुनी म्हनलं न्हाई व्हय रं?" असं म्हणाली आणि तिनं स्वतःचा हात परातीत बुडवला. ज्याच्यावर अकरा वर्षं जळली, त्याच्याच पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आपला." कुत्र्यानं डोळे मिटले आणि तिच्या पायाशी अंग टाकून दिलं.

आता जळायची पाळी धुळ्याची होती. त्याचा कुत्रा, त्याची बायको, ती मांजरी, तिघं एकीकडे, आणि हा परातीजवळ एकटा. एवढा घुमा माणूस, पण त्याला राहवेना. सगळ्या भाऊबंदांसमोर तो उभा राहिला आणि म्हणाला,

"आन् मला?"

हौसेनं त्याला थोडं ताटकळत ठेवलं. बरं केलं. मग म्हणाली, "वाकवा पाठ."

देवाचा कोप काही झाला नाही. उलट त्या साली जुळी कोकरं फार झाली, असं म्हणतात. आजही कातरणीच्या दिवशी इथं घरची बाई काव कालवते. आधी मांजराला लावते, मग कुत्र्याला. नवऱ्याला मात्र आपणहून लावत नाही. त्यानं चारचौघांत विचारावं लागतं, 'आन् मला?' म्हणून. आमच्या मालकांना लाज वाटायची, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. मी मुद्दाम म्हणायची, ऐकू आलं न्हाई. तीन तीनदा विचारायला लावायची.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी अजून काव कालवते. मांजराला लावते, कुत्र्याला लावते. मग भरलेला हात घेऊन जरा वेळ तशीच उभी राहते.