रुझाबायची खटखटी

वसईच्या किनाऱ्यावर सायवडे नावाचे एक लहानसे कोळी बंदर होते. होड्या अजून शिडावर चालत, त्या काळात फादर सिल्वेस्तर तिथल्या देवळात राहायला आले आणि अखेरच्या श्वासापर्यंत तिथेच राहिले. गाव त्यांना नुसते ‘बाबा’ म्हणे. त्यांचा झगा खांद्यावर विरलेला असे आणि पाय उघडे. जाळे ओढायला एक हात कमी पडला, तर बाबा झगा खोचून पाण्यात उतरत.

बाबांनी मागितले की देव देतो, अशी लोकांची श्रद्धा होती. बाबांना ते बोलणे आवडत नसे. ते म्हणत, “अरे, देणारा तो एकच. मी तुमच्या शेजारी गुडघे टेकून मागतो, एवढंच. स्वर्गातले संतही तेच करतात.”

देवळाची घंटा वाजवायचे काम रुझाबायकडे होते. नवरा वारल्यावर तिने घंटेचा दोर हातात घेतला, त्याला वीस वर्षे झाली होती. पण वर्षातले दोन दिवस घंटा मुकी असे. पवित्र गुरुवारी संध्याकाळी जी थांबे, ती ईस्टरच्या मिस्साला, म्हणजे सणाच्या उपासनेलाच पुन्हा वाजे. प्रभू क्रुसावर असताना घंटा कशी वाजवायची? त्या दिवसांत रुझाबाय हातभर लांबीची एक फळी घेऊन गल्लीगल्लीतून फिरे. फळीला लाकडाची हातोडी सैल बांधलेली होती. फळी हलवली की खट्-खट्-खट् असा कोरडा आवाज येई आणि माणसे प्रार्थनेला निघत. पोरांनी त्या फळीचे नाव ठेवले होते, खटखटी.

बस्त्याव नाखव्याला या खटखटीचे भारी हसू येई. त्याच्या मालकीच्या चार होड्या होत्या आणि बोलणे त्याहून मोठे होते. “काय गे रुझाबाय, यंदाही सुतारपक्षी होऊन फिरणार?” तो ओट्यावरून ओरडे. रुझाबाय मान खाली घालून पुढे जाई.

त्या वर्षी बाबांनी वेदीवरून सांगितले, “गुरुवार-शुक्रवार होड्या किनाऱ्यावर राहू द्या. दोन दिवस प्रभूसाठी काढा.”

नाखवा बाहेर येऊन हसला. “पापलेट काही उपवास धरत नाही! शुक्रवारी मटण वर्ज्य, मग मासळीला भाव केवढा असतो, ठाऊक आहे?” त्याने बुधवारी आपली मोठी होडी सोडली. होडीवर सहा खलाशी होते. त्यांत रुझाबायचा एकुलता एक मुलगा दुमिंग. नाही म्हटले असते, तर पावसाळ्यापर्यंत त्याला काम मिळाले नसते.

“शुक्रवारी पहाटेच्या भरतीला परत येतो, आये,” तो म्हणाला होता.

शुक्रवार उजाडला तो धुक्यात. धुके इतके दाट, की किनाऱ्यावरून स्वतःची होडी दिसेना. भरती आली, पाणी चढले, पण नाखव्याची होडी आली नाही. बंदराच्या तोंडाशी कासवखडक आहे. त्याच्याजवळ एक लोखंडी पिंप नांगरून ठेवलेले असे आणि त्यावर एक घंटा. लाटेने पिंप हलले की घंटा वाजे आणि खलाशी सावध होऊन दूर वळत. त्या दिवशी समुद्र निपचित होता, त्यामुळे ती घंटाही गप्प होती. एकदा ओहोटी लागली की प्रवाह होडीला सरळ त्या खडकाकडे ओढणार, हे सगळ्यांना कळत होते.

इतक्यात देवळाची घंटा घणघणू लागली. नाखवा दोराला लोंबकळल्यासारखा घंटा वाजवत होता. रुझाबाय धावत तिथे पोचली.

“नाखवा, दोर सोडा!”

“माणसं मरणाच्या दारात आणि तुला तुझे नियम सुचतायत?”

“नियमाचं नाही बोलत मी!” रुझाबायचा आवाज गावाने इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. “आज आपली घंटा वाजत नाही, हे त्या पोरांना आईच्या दुधापासून ठाऊक आहे. मग पाण्यावर घंटा ऐकली तर ती कुणाची म्हणतील? कासवखडकाची! तुम्ही त्यांना बोलावत नाही, हाकलताय!”

नाखव्याचे हात थबकले, पण तोंड थांबेना. “मग काय तुझी खटखटी वाजवायची? तिचा आवाज बाजारापर्यंत पोचत नाही, समुद्रात काय पोचणार!”

बाबा मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, “घंटेनं माणूस वाचणार असता, तर दोर मीच ओढला असता. पण ही खरं बोलते आहे. आज आपल्या देवळाचा आवाज लाकडाचाच. सोड तो दोर, बस्त्याव.”

रुझाबाय फळी घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरली. ती फळी हलवू लागली आणि दर खटक्याबरोबर मरियामातेची प्रार्थना म्हणू लागली. किनाऱ्यावर बायकामाणसांनी गुडघे टेकले. अर्ध्या घटकेत फळीची हातोडी निखळून पाण्यात पडली. तेव्हा बाबा पाण्यात शिरले, त्यांनी फळी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. कुणीतरी होडीच्या फटी बुजवायची लाकडी मोगरी आणून दिली.

“मार, रुझाबाय. भिऊ नकोस. संत पेत्रही कोळीच होता. बुडताना त्यानंही प्रभूला हाक मारली होती. आता तो आपल्या हाकेत हाक मिसळेल.”

खट्! खट्! खट्! ठोके पडत राहिले. कमरेचे पाणी मांड्यांवर आले, मग गुडघ्यांवर. ओहोटी लागली होती. पाणी मागे सरले, तशी रुझाबाय पुढे सरली आणि बाबाही. तिच्या तळहाताचे साल निघाले, पण मोगरी थांबली नाही.

“पुरे कर, बाई!” नाखव्याचा आवाज फाटला. “कोण ऐकतंय?”

“ऐकणारा ऐकतोय,” ती म्हणाली, आणि पुढचा ठोका पडला.

बाबांनी मान वर केली. “थांब. ऐक.”

रुझाबायने मोगरी वरच रोखली. धुक्याच्या पोटातून, दुरून, आवाज आला. खट्... खट्... खट्... कुणीतरी वल्हे होडीच्या काठावर आपटून उत्तर देत होते!

थोड्या वेळाने धुक्यातून होडीचे नाक बाहेर आले. सहाच्या सहा माणसे त्यात होती. दुमिंगने पाण्यात उडी टाकून आईला मिठी मारली.

“आये, आम्ही घंटा ऐकली आणि म्हटलं, खडक आला! घाईनं होडी फिरवली. फिरवली ती नेमकी खऱ्या खडकाच्या अंगाला, आणि वरून ओहोटीची ओढ. तेवढ्यात खटखटी ऐकू आली. दीड कोस लांब होतो गे, पण आवाज इतका जवळ, जशी तू होडीतच बसून वाजवत होतीस.”

दीड कोस! जी फळी बाजारापर्यंत ऐकू जात नसे, तिचा आवाज दीड कोस गेला! धन्य तो प्रभू, आणि धन्य ती मरियामाउली, जिने लेकराच्या आईचा शब्द पुढे पोचवला!

नाखवा ओल्या वाळूत बाबांच्या पायांशी कोसळला. बाबा बाजूला झाले. “माझ्यापुढे नको. मी फक्त फळी धरली होती.”

तेव्हा तो गुडघ्यांवरच रुझाबायकडे वळला. “रुझाबाय... मी हसलो गे तुला. त्या घंटेनं मी तुझा मुलगा मारत होतो.”

रुझाबायने डोळे पुसले. मग सोललेले तळहात त्याच्यापुढे धरले. “उठा, नाखवा. दुपारी तीनला क्रूसभक्ती आहे आणि गावाला बोलवायचं राहिलंय. माझ्या हातांनी आता जमायचं नाही. ही घ्या.”

तिने फळी आणि मोगरी त्याच्या हातात दिली.

त्या दुपारी चार होड्यांचा मालक अनवाणी, उघड्या डोक्याने सायवड्याच्या गल्लीगल्लीतून खटखटी वाजवत फिरला. पोरे ओट्यांवर येऊन बघत राहिली. कुणी हसले नाही. तीन वाजता तो सर्वांत शेवटी देवळात शिरला, खटखटी क्रुसाच्या पायाशी ठेवली आणि कपाळ जमिनीला टेकवले, ते प्रार्थना संपेपर्यंत उचलले नाही.