भुरीचे अंगरखे

नदीकाठच्या एका पेठेत काशीराम नावाचा शिंपी राहत होता. त्याच्या शिवणीला नाव ठेवायला कुणाला जागा नसे. त्याची बायको गिरजा हिवाळ्यात तापाने गेली. घरात तो उरला, आणि गिरजेने लहानाची मोठी केलेली भुरी कुत्री उरली.

दहाव्याला, रीतीप्रमाणे, घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचे होते. काशीरामने सगळे नेले. एक गोधडी तेवढी त्याने कापडाच्या गठ्ठ्यांमागे सरकवून ठेवली. ती गिरजेची रोजची गोधडी होती. पुढे ती त्याने भुरीला अंथरून दिली. भुरी तिच्यात नाक खुपसून झोपायची. ते बघून काशीरामला बरे वाटायचे.

उन्हाळा लागला आणि भुरी खाजवू लागली. आधी कान, मग पाठ, मग दिसेल ते. शेपटीजवळचे केस गेले. कातडी लाल झाली. केस बाजूला केले की पिसवा पळताना दिसत.

काशीराम शिंपी. त्याला सुचले ते शिंप्याचेच. नखे अंगाला लागलीच नाहीत तर जखमा होणार नाहीत, म्हणून त्याने भुरीला अंगरखा शिवायचे ठरवले. मापे घ्यायला बसला. फीत पाठीला टेकली की भुरी खाली बसायची. पोटाशी नेली की उताणी पडायची. गळ्याचे माप घेताना तिने फीतच चघळली. काशीरामने उभ्या आयुष्यात असे गिऱ्हाईक बघितले नव्हते.

पहिला अंगरखा मांजरपाटाचा झाला. भुरीने तो घटकाभरात अंगातून काढून अंगणात पुरला. दुसऱ्याला पोटाखाली गुंड्या लावल्या. तिने गुंड्या फोडल्या. तिसऱ्याला नाड्या लावल्या. नाड्या कुंपणाच्या काट्यांत अडकल्या आणि सारी आळी तिच्या केकाटण्याने गोळा झाली. चौथा त्याने काठासकट खणाचा बेतला. का, ते त्यालाच माहीत.

पलीकडच्या आळीतल्या चंद्राकाकू दुकानात आल्या. त्यांनी तो खण बघितला, मग भुरीकडे बघितले.

"ज्या लग्नासाठी पोलकं टाकलं होतं ते लग्न होऊन गेलं, काशीराम. नवरी सासरी रुळलीसुद्धा. माझं पोलकं अजून बेतायचंच आहे, आणि कुत्रीचं चौथं निघालं."

"तिला त्रास आहे, काकू."

"मला नाही, हीच माझी चूक," काकू म्हणाल्या आणि पोलक्यासाठी दिलेले आपले कापड परत घेऊन गेल्या.

चौथा अंगरखा मात्र भुरीच्या अंगावर टिकला. आत पिसवांची चंगळ झाली. ऊन नाही, वारा नाही, नखांची भीती नाही. याहून सुरक्षित घर त्यांना कोण बांधून देणार होते? अंगरखा उसवून काढला तेव्हा खाली निम्मी पाठ सोलून निघाली होती.

मग काशीराम औषधांकडे वळला. पेठेतल्या वैद्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या उकळलेल्या पाण्याने अंघोळ घालायला सांगितली. अंघोळ घातली की पिसवा गळून पडत. दुपारभर भुरी शांत असायची. रात्री गोधडीवर जाऊन झोपायची, आणि सकाळी पुन्हा पहिल्यासारखी.

"कडुनिंबात काही राम नाही," असे म्हणून काशीरामने करंजाचे तेल आणले. भुरी तेलासकट दुकानात शिरली आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या धोतराशेजारी अंग झाडून मोकळी झाली. तेलही बाद झाले. मग वेखंडाची पूड. ती भुरीच्या नाकात गेली आणि ती शिंकत गावभर पळाली. पुढेपुढे काशीरामने नुसती वाटी उचलली तरी ती खाटेखाली जाऊन बसायची. तो खाटेखाली वाकून तिला समजावायचा, मग रागवायचा, मग पुन्हा समजावायचा. दोघेही थकले होते.

एके दिवशी भुरी भाकरीलासुद्धा उठली नाही. काशीरामने तिला उचलून वैद्यांकडे नेले. वैद्यांनी तिचा ओठ वर करून बघितला.

"हिरड्या पांढऱ्या पडल्यात. पिसवा रक्त पितात, काशीराम. हे असंच चाललं तर ही पावसाळा बघायची नाही." मग त्यांनी विचारले, "झोपते कुठं?"

"घरात."

"कशावर?"

"अशीच. जमिनीवर."

काशीराम खोटे बोलणारा माणूस नव्हता. कापडाची चिंधी उरली तरी तो गिऱ्हाइकाला परत देई. त्या दिवशी मात्र तो खोटे बोलला, आणि वैद्यांनी विश्वास ठेवला. त्यांनी पुन्हा कडुनिंबच दिला. दुसरे ते काय देणार?

त्याच आठवड्यात काशीरामची थोरली बहीण मथुराक्का त्याला भेटायला आली. दुपारी लसूण सोलायला ती ओट्यावर बसली. बसायला काही हवे म्हणून कोपऱ्यातली गोधडी तिने ओढून घेतली. थोड्याच वेळात ती घोटे खाजवू लागली. मग पोटऱ्या.

"काशा, फीत आण. आता मलाही अंगरखा शिव."

मथुराक्काने गोधडीची किनार उलटली. शिवणीत काळ्या मिरीची भरड पडावी तशी घाण साचली होती, आणि त्यात पिसवा वळवळत होत्या. तिने गोधडी सगळी उलगडली. ठिगळे ओळखीची होती.

"ही गिरजेची ना? दहाव्याला धुतली नव्हतीस?"

"नाही."

"का रे?"

काशीराम सुईत दोरा ओवत राहिला. दोरा काही जाईना.

"गिरजेचा वास आहे तिला," तो शेवटी म्हणाला.

मथुराक्काने लसणाची आणखी एक पाकळी सोलली. मग म्हणाली, "मला नुसता कुत्रीचा येतो."

काशीराम चिडला. "महिनाभर मी काय काय केलं तुला ठाऊक नाही, अक्का. अंगरखे शिवले. पाला आणला, तेल आणलं, पूड आणली. गिऱ्हाईकं गेली. वैद्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आणखी काय करू?"

"सगळं केलंस," ती म्हणाली. "एवढं सोडून."

खाटेखाली भुरी पडली होती. तिला आता खाजवायचीही ताकद नव्हती. तिने मागचा पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. काशीरामने ते बघितले. मग तो उठला आणि त्याने परसातल्या चुलीवर कडुनिंबाचा पाला घालून मोठा हंडा चढवला.

पाण्याला उकळी फुटल्यावर गोधडी त्याने स्वतःच्या हाताने आत सोडली. अक्काने हात पुढे केला होता, पण त्याने तिला थांबवले. वाफ आली तसा तो जरा पुढे वाकला. वाफेला कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

भिजलेली गोधडी एकट्या माणसाला पिळता येत नाही. एक टोक मथुराक्काने धरले, दुसरे काशीरामने. तिने एकीकडे पीळ दिला, त्याने दुसरीकडे. मातकट पाणी गळत राहिले. ते स्वच्छ यायला लागले तेव्हा काशीरामने तोंड दुसरीकडे फिरवले. अक्काने आपले टोक सोडले नाही.

त्यांनी घर झाडून काढले, कोपरे सारवले. गोधडी कडक उन्हात घातली. मग ज्या कडुनिंबात काही राम नव्हता, त्याच कडुनिंबाने भुरीला रोज अंघोळ घातली. या खेपेला सकाळी पिसवा परत आल्या नाहीत. आल्या त्या थोड्या, आणि मग त्याही नाहीत. भुरी भाकरी खाऊ लागली. पावसाळा आला तेव्हा तिच्या पाठीवर नवी लव फुटली होती. अंगरखा तिला पुन्हा कधीच लागला नाही.

पण ते नंतरचे. गोधडी वाळली त्या दिवशी काशीरामने ती पुन्हा कोपऱ्यात अंथरली. भुरी हळूहळू चालत आली. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोधडी हुंगली. पुन्हा पहिल्या टोकाशी गेली आणि पुन्हा हुंगली. तिला जे हवे होते ते तिथे नव्हते. काशीराम उंबऱ्यात उभा राहून बघत होता.

थोड्या वेळाने भुरी स्वतःभोवती फिरली, मधोमध अंग टाकून पडली आणि भर दुपारी, न खाजवता, गाढ झोपली.

तात्पर्य एवढेच: जे आपल्याला सोडवत नाही तेवढे राखून बाकी सगळे उपाय करणे म्हणजे उपाय करणे नव्हे; त्याची किंमत आपल्यावर विसंबलेला मुका जीव मोजत असतो.