लवंगाराणी आणि मोहरीएवढी माशी

एकदा काय झालं, समुद्रापलीकडची लवंगाराणी लग्न होऊन सासरी आली. तिथली रीत अशी, की नव्या नवरीनं माहेरचं एक रोप आणायचं आणि सुरंगीच्या राईत लावायचं. तिनंही लावलं. पण रोपाला चिकटून कापसासारखी पांढरी कीड आली होती, बरं का. ती राईभर पसरली. सुरंगीची झाडं वाळायला लागली. राजा म्हणाला, राई जाळून टाकू, नाहीतर सगळं रान हातचं जाईल. राणीला रडू कोसळलं. हे आपल्याच हातून झालं, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं फुलोऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

मग राणी गलबतात बसून माहेरी गेली. बघते तर काय, तिथली झाडं हिरवीगार! कीड होती, पण अगदी तुरळक. आई म्हणाली, "असते ती. आम्ही कधी लक्षसुद्धा देत नाही." राणीला नवल वाटलं. मग हिला खातं तरी कोण? ती सतरंजी टाकून झाडाखालीच बसली.

आधी आला एक पक्षी. त्यानं कीड मटकावली, पण मधमाश्याही मटकावल्या. राणी म्हणाली, नको रे बाबा. मग आला एक ठिपक्यांचा किडा. त्यानं रेशमाचे किडेही सोडले नाहीत. तोही नको. मग आली मोहरीएवढी माशी. राणीनं तिला जाळीत ठेवलं. मधमाशी दिली, रेशमाचा किडा दिला. माशी उपाशी राहिली, पण शिवली नाही. मग पांढरी कीड दिली. लगेच माशीनं किडीच्या पोटात अंडं घातलं. पिल्लू बाहेर आलं ते किडीला आतून फस्त करूनच. नाकं मुरडू नका रे, माशीलाही पोरंबाळं आहेत.

राणी माश्या घेऊन परतली, तर राजा पलिता घेऊन राईपाशीच उभा. त्यानं विचारलं, "ही तुझी फौज?"

राणी म्हणाली, "हीच. थोडं थांबा."

माश्या सोडल्या. काहीच दिसेना. राणी रोज पहाटे राईत जाऊन पानं उलटून बघायची. मग हळूहळू कापूस झडला, कोवळी पानं फुटली, राई घमघमली. राजानं पलिता पाण्यात बुडवला आणि राणीची माफी मागितली.

काय म्हणालीस? सगळी कीड मेली का? छे गं. थोडी उरली. सगळी मेली असती, तर माशीच्या पोरांनी काय खाल्लं असतं? तेव्हा राईत सगळे सुखानं राहिले, आणि आता माशीची पोरंसुद्धा झोपली. मिटा बघू डोळे.