होडीतला उंट आणि सुपारीएवढी परी

“त्या पोरीच्या हाती पुस्तक? त्यापेक्षा शेळीच्या तोंडी द्या की, गुरुजी!”

आबा असं म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर खो खो हसले. गुरुजीही हसले. दाराच्या मागे, शाळेच्या ओसरीवर, झेंडूच्या केशरी-पिवळ्या ढिगात बसून गोजरा हार ओवत होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं. सुई तिच्या बोटात टचकन टोचली. लालचुटुक थेंब आला. गोजीनं तो गुपचूप चोखून टाकला.

“विचारायला आली होती काल,” गुरुजी सांगत होते. “म्हणजे बोलली काहीच नाही. नुसती कपाटाकडं बोट करून उभी. हात बघितले तर पानांनी नि चिखलानं हिरवेकाळे! कशी देणार पुस्तकं?”

“देऊच नका.”

“आता देणार तरी कुठून, आबा? दसरा झाला की कपाट तालुक्याला परत. साहेबांनी सांगितलंय, ज्या गावात कुणी वाचत नाही, त्या गावात पुस्तकं कशाला?”

“वाचत नाही म्हणजे?” आबांना राग आला. “दरवर्षी पूजा करतो की आम्ही!”

आणि ते खरंच होतं. शेवरेवाडीच्या शाळेत काचेच्या दाराचं एक कपाट होतं, आणि त्यात गोष्टींची रंगीबेरंगी पुस्तकं होती. कपाट आलं त्या वर्षी कुणा पोरानं एका पुस्तकाचा कोपरा फाडला. झालं! कपाटाला कुलूप बसलं. तेव्हापासून दर दसऱ्याला त्या कुलपाला हळदकुंकू लागे, काचेला हार पडे, समोर पेढा ठेवला जाई. पेढा वाटला जाई, पुस्तकं मात्र आतच राहत. गावाची त्यांच्यावर इतकी भक्ती होती, की त्यांना हात लावायचं धाडसच कुणाला होत नसे.

गोजीला त्यातलं एक पुस्तक ठाऊक होतं, कारण त्याचं तोंड काचेकडे होतं. त्याच्यावर एक उंट होता. निळ्याशार पाण्यात एक इवलीशी लाल होडी, आणि होडीत मांडी घालून बसलेला उंट! तो कुठं निघाला होता? त्याला पोहता येत होतं का? होडी बुडत कशी नव्हती? गोजी रोज काचेला नाक लावून बघे. तिच्या शेजारी आणखी चारपाच नाकं असत. मधली सुट्टी संपली की काचेवर वाफेचे गोल गोल ठिपके उरत.

आता कपाटच जाणार. उंट त्याच्या होडीसकट निघून जाणार, आणि तो कुठं गेला हे गोजीला कधीच कळणार नव्हतं.

हार पुरा करून तिनं उंबऱ्यावर ठेवला, आणि ती पळत पानमळ्यात गेली.

मळा आबांचा होता. गोजीची आई तिथं विड्याची पानं खुडायला जाई. घरात त्या दोघीच. आई दमून यायची, भाकरी थापायची आणि बोलता बोलता झोपून जायची. मग गोजी बोलणार तरी कुणाशी? शब्द तिच्या घशापर्यंत येत आणि तिथंच मांजरीसारखे दबकून बसत. शाळेतली पोरं तिला ‘मुकी मैना’ म्हणत.

फाटकापाशी गोजीनं चपला काढल्या. पानमळ्यात कुणीच चपला घालून जात नाही, आबासुद्धा नाही. नागवेल फार नाजूक, तिला कोवळ्या पायांनीच भेटायचं, अशी तिथली रीत. आत हिरवीगार, गारेगार सावली होती. उंच शेवरीच्या खोडांवर वेली सळसळत चढल्या होत्या. उन्हाचे छोटे छोटे कवडसे जमिनीवर नाण्यांसारखे लुकलुकत होते.

एका सरीत वेलीचा एक कोवळा शेंडा सुटून मातीत लोळत होता. गोजीनं डोळे पुसले. लव्हाळ्याची ओली पात घेतली, शेंडा हलकेच उचलला, आणि आई बांधते तसा, गळ्याला काचणार नाही असा, शेवरीला बांधला.

“अगं बाई! माझा झोका बांधलास!”

शेंड्यावर एक परी बसली होती. केवढीशी? सुपारीएवढी! काताच्या रंगाचे भुरुभुरु केस, चुन्यासारखा पांढराशुभ्र झगा, पाठीवर दोन चिमुकली पानं, पंख म्हणून. गळ्यात वेलदोड्याच्या दाण्यांची माळ. आणि हातात लवंगेची छडी. तिच्या टोकावरची कळी चांदणीसारखी चमचम करत होती.

“सकाळपासून माझा झोका मातीत,” परी म्हणाली. “येणारेजाणारे ओलांडून गेले. तू मात्र रडता रडता थांबलीस. माग. एक इच्छा देते.”

“उंट...” गोजी पुटपुटली.

“मोठ्यानं गं राणी. आम्हा पऱ्यांचे कान मोहरीएवढे असतात.”

“होडीतला उंट!”

“नीट ऐक हं, नियम आहेत,” परीनं छडी उचलली. “एकटीसाठी मागितलंस, तर आत्ता देते. अख्खं. पुस्तक तुझ्या मांडीवर, कायमचं. पण सगळ्यांसाठी मागितलंस, तर मी अर्धीच इच्छा पुरी करणार. उरलेली अर्धी गावानं करायची. आणि गावाला हाक तू मारायचीस. मोठ्यानं.”

हाक? तिनं? तिच्या तोंडात ‘मला’ हा शब्द आलाच होता. पण तेवढ्यात तिला काचेवरचे ते वाफेचे ठिपके आठवले. एक तिचा होता. बाकीचे दुसऱ्यांचे होते. आपण उंटाबरोबर घरी बसू, आणि ती नाकं उद्या कशाला टेकतील?

“कपाट इथंच राहू दे,” ती म्हणाली, “आणि उघडं राहू दे. सगळ्यांना.”

परीनं छडी हलवली. सोनेरी ठिणग्यांची एक नाजूकशी रांग वेलींमधून शाळेकडे तरंगत गेली, आणि लांबून आवाज आला: खट्!

परी गोजीच्या वेणीत बसली. शाळेत कुणी नव्हतं. गुरुजी आबांकडे चहाला गेले होते. कुंकवानं माखलेलं कुलूप कडीला लोंबत होतं. गोजी आधी नळावर गेली, हात खसाखसा धुतले, फ्रॉकला पुसले. मग तिनं दार ओढलं.

कुबट वास आला. पुस्तकांच्या मागे, भिंतीपासून, मातीची एक बारीक वळवळती वाट चढली होती. वाळवी! बाहेरून पुस्तकं कशी छान दिसत होती, आणि आतून त्यांच्या जाळ्या झाल्या होत्या. गोजीनं उंटाचं पुस्तक उघडलं. होडी निघाली, वादळ आलं, उंटानं मान उंच केली, आणि पुढं नुसतं भोक.

“परी,” ती रडवेली होऊन म्हणाली, “हे काय गं?”

“हे आधीच झालेलं होतं, सोने. कुलपामुळं कुणाला दिसलं नाही. आणि अजून खातेच आहे ती. माझं अर्ध्यातलं थोडं राहिलंय, ते मी करीन. आता हाक मार.”

गोजी मळ्याच्या फाटकापाशी धावली. तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. मांजर घशात दबकूनच बसलेली. मग तिला वाळवीची ती वळवळ आठवली, आणि मांजरीनं एकदाची उडी मारली.

“आईऽऽ! हौसाक्काऽऽ! धावा! पुस्तकं मरायला लागली!”

वेलींमधून सगळ्या बायांची डोकी एकदम वर आली.

“अगं बया, गोजीला वाचा फुटली!” हौसाक्का, मळ्यातली सगळ्यांत थोरली बाई, ओरडली. “कोण मरतंय म्हणाली?”

“मेलं कोण ते मागनं बघू,” आई कमरेला पदर खोचत म्हणाली, “पोरगी बोलली, चला आधी!”

बाया आल्या, मागोमाग गल्लीतली पोरं आली. पानांच्या रिकाम्या करंड्यांत पुस्तकं भरून अंगणात आणली. करंडीतली पानं रोज उलटीपालटी केली नाहीत, हवा दिली नाही, तर सडतात. हे काम त्या बायांच्या बोटांना रोजचंच. त्यांनी पुस्तकंही तशीच हळुवार फिरवली, फुंकर घातली, माती झटकली, उन्हात मांडली. पोरांनी कडुनिंबाचे डहाळे आणून कपाटात पसरले. अंगणभर रंग सांडले: लाल मासे, जांभळे डोंगर, हिरवा राक्षस, गुलाबी टोपीचा ससा.

“ह्यो राक्षस आमच्या दिरावानी दिसतोय,” हौसाक्का म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मग ती चित्राखालच्या अक्षरांवर बोट ठेवून बघत राहिली. “रा... क्ष... आईशप्पत, येतंय की गं मला! चौथीपातुर गेल्ते मी.”

तेव्हा वेणीतून परीनं छडी फिरवली. लोकांना वाटलं ऊन चमकलं. पण गोजीनं पाहिलं: जिथं जिथं भोक होतं तिथं नवा, दुधासारखा पांढरा कागद आला होता. कोरा!

“अक्षरं कुठंयत?” गोजीनं विचारलं.

“वाळवीनं खाल्लेल्या गोष्टी मला पाठ नाहीत,” परी म्हणाली. “कागद माझा. अक्षरं तुमची.”

गोजीनं पोरांना सांगितलं. या वेळी शब्द पटकन आले. दप्तरांतून पेन्सिली निघाल्या. कुणी राक्षसाचं लग्न लावलं, कुणी सशाला पोलीस केलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बायांनी सांगितलं, पोरांनी लिहिलं. गोजी उंटाचं पुस्तक मांडीवर घेऊन, जीभ दातात धरून, लिहीत राहिली. उंट कुठं निघाला होता, हे आता तिच्याच हातात होतं.

“हे काय चाललंय?”

शाळेच्या फाटकात आबा आणि गुरुजी उभे होते. करकर वाजणाऱ्या चपला, कपाळाला आठ्या. आईचा चेहरा पांढराफटक पडला. आबांच्या मळ्यातच तर तिची भाकरी होती.

“कुलूप कुणी काढलं?” गुरुजींनी विचारलं.

“एक हाक राहिलीय, गोजरा,” वेणीतून परी कुजबुजली. “ती मारलीस की इच्छा पुरी.”

गोजी उभी राहिली, आणि तिनं ती हाक मारली. तिच्या वेणीतून एक हिरवा-सोनेरी प्रकाश उमलला, झेंडूच्या हारावरून, उघड्या कपाटावरून, उन्हातल्या पुस्तकांवरून लहरत गेला, आणि लवंग-वेलदोड्याचा वास मागे ठेवून मावळला. परी गेली.

दसऱ्याला हार पडला तो उघड्या कपाटाला. साहेब कपाट न्यायला आले, अंगणातली गर्दी पाहून बसले, आणि रिकाम्या हातानं परत गेले. आता दर शनिवारी गुरुजी करंडीभर पुस्तकं मळ्यात पाठवतात आणि करंडीभर परत आणतात. हौसाक्का सशापर्यंत पोचली आहे. मळ्यात वाचन असलं की आबा पहिल्या रांगेत बसतात; गोष्ट चालू असताना झोपतात, पण आता घोरत नाहीत. आणि पुस्तकांना हिरवे डाग पडतात. पडू देत.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी आबा आणि गुरुजी चपलांसकट अंगणात पाऊल टाकणार, तोच मुकी मैना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली:

“आबा, पुस्तकं शेळीनं नाही खाल्ली, कुलपानं खाल्ली. आता चपला तिथंच काढा, आणि दोघंही बसा. उंट कुठं गेला, ते मी सांगते.”